निग्रहाने होत नाही ते कशाने होतं?

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. कुठल्याही एकीत डोकावा. टेबलावर जाडजूड पुस्तकं, पाण्याची बाटली आणि तिच्या शेजारी पालथा घातलेला फोन. फोन सायलेंटवर असतो, म्हणजे त्रास नको, अशी समजूत. पण अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली नेमकं हेच तपासलं. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत, आणि सगळे सायलेंटवर. स्मरणशक्तीची आणि बुद्धीची कामं सोडवायला दिली, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारे सरस ठरले आणि टेबलावरवाले मागे पडले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण फोन वाजला किंवा नुसता थरथरला, तर तो हातात न घेताही चुका वाढतात, हे फ्लोरिडातल्या संशोधकांना २०१५ मध्येच दिसलं होतं.

यावर घरोघरी मिळणारा सल्ला एकच: मन घट्ट कर. या सल्ल्याला मध्यंतरी शास्त्राचाही आधार मिळाला होता. १९९८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवलं. खोलीभर ताज्या भाजलेल्या चॉकलेट कुकीजचा वास. काहींना कुकीज खायला मिळाल्या, काहींना मात्र सांगितलं, तुम्ही मुळाच खायचा. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. कुकीज खाल्लेले जवळपास १९ मिनिटं झटले, मुळेवाल्यांनी आठेक मिनिटांत हात टेकले. निष्कर्ष असा, की निग्रहाचा साठा मर्यादित असतो, मोह आवरताना तो खर्ची पडतो. कल्पना इतकी पटण्याजोगी होती, की वर्षानुवर्षं ती पाठ्यपुस्तकांतून शिकवली गेली. मग २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर तिची फेरतपासणी केली (मुळ्याऐवजी संगणकावरच्या चाचण्या होत्या) आणि परिणाम शून्याच्या आसपास निघाला. वाद अजून मिटलेला नाही. तरी ‘निग्रहाची टाकी’ या कल्पनेवर आपल्या वेळापत्रकाची मांडणी करू नये, असं मला वाटतं.

त्याहून जास्त उपयोगाचं संशोधन कॅनडातून आलं. मरीना मिल्याव्स्काया आणि मायकेल इन्झलिक्ट यांनी विद्यार्थ्यांना सत्राची उद्दिष्टं लिहायला लावली. मग आठवडाभर दिवसातून अनेकदा फोनवरून विचारलं: आत्ता कसला मोह होतोय? तो आवरताय का? सत्र संपल्यावर हिशेब मांडला, तेव्हा मोह निकराने आवरणाऱ्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. ज्यांना मुळात मोहच कमी झाले, त्यांची उद्दिष्टं जास्त पूर्ण झाली. जे सारखे मोहांना तोंड देत होते, ते थकलेही जास्त. म्हणजे आपण ज्याला मनाचा खंबीरपणा म्हणतो, तो बऱ्याचदा फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याइतका साधा असतो.

सगळेच अडथळे खोलीबाहेर काढता येत नाहीत, ही अडचण आहेच. मेसचे पैसे द्यायचेत, गावाकडे फोन करायचाय, फॉर्मची मुदत जवळ आलीय. पान उलटलं की यातलं काहीतरी डोकं वर काढतं आणि तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचावा लागतो. मासिकॅम्पो आणि पुन्हा तेच बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अर्धवट राहिलेलं काम वाचताना मध्येमध्ये घुसतं. पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की घुसणं थांबतं. आणि गंमत म्हणजे, काम झालेलं नसतंच! तेव्हा वहीच्या कडेला ‘फॉर्म: रात्री नऊला, जेवून आल्यावर, मित्राच्या लॅपटॉपवर’ एवढं लिहिणं पुरतं. नुसतं ‘फॉर्म भरायचा’ लिहून भागत नाही.

‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा ठरवण्यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी बरंच काम केलंय. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत, ४८ तासांच्या आत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी तो वेळेत पाठवला, बाकीच्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनीच. २००६ साली अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही परिणाम चांगलाच दिसला. कारण सरळ आहे. ऐनवेळी ‘आता करू की मग करू’ हा विचारच उरत नाही. ठरलेली वेळ आणि जागा समोर आली, की ती स्वतःच कामाची आठवण करून देते.

ही युक्ती एका ठिकाणी मात्र फारशी चालत नाही: उद्दिष्टावरच मन नसेल तिथे. मनापासून हव्या असलेल्या गोष्टीच्या मागे लागलेल्यांना मोह कमी जाणवतात, ‘करायलाच हवं’ म्हणून करणाऱ्यांना जास्त, असंही मिल्याव्स्काया यांच्या आणखी एका कामातून पुढे आलं. अभ्यासिकेतल्या कितीजणांनी ती परीक्षा स्वतः निवडलेली असते आणि कितीजणांच्या घरी ती परस्पर ठरलेली असते, ही चौकशी पालकांनी केलेली बरी.