सल्फोनिलयुरियाची ऐंशी वर्षं

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड. टाइप २ मधुमेहासाठी कित्येक वर्षं लिहून दिली जाणारी ही औषधं एकाच कुळातली, सल्फोनिलयुरिया गटातली. हे कुळ सापडलं ते मात्र विषमज्वराच्या रुग्णांमुळे.

1942 साली, ऐन महायुद्धात, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर विषमज्वरावर एक नवं सल्फा औषध देऊन पाहत होते. या तापावर गुण देणारं अँटिबायोटिक तेव्हा नव्हतंच. पण औषध घेतलेल्या काही रुग्णांना दरदरून घाम फुटला, आकडी आली, ते बेशुद्ध पडले. काही दगावले. त्यांच्या रक्तातली साखर पार खाली गेली होती.

जाँबाँ यांनी ही गोष्ट त्याच शहरातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑग्युस्त लुबातिएर यांच्या कानावर घातली. लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. धडधाकट कुत्र्याला औषध दिलं की साखर उतरायची. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यात काहीच फरक पडायचा नाही. म्हणजे औषध स्वतः इन्सुलिनचं काम करत नव्हतं, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेत होतं. टाइप १ मधुमेहात या गोळ्या का चालत नाहीत, याचं उत्तर त्या प्रयोगातच आहे: इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर गोळी कुणाला चाळवणार?

तरीही मधुमेहींपर्यंत औषध पोचायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. बर्लिनमध्ये फ्रँके आणि फुक्स हे डॉक्टर कार्ब्युटामाइड हे दुसरं सल्फा औषध जंतुसंसर्गावर वापरत होते, आणि त्यांनाही तीच लक्षणं दिसली. फुक्स यांनी तर ते स्वतः घेऊन साखर उतरण्याचा अनुभव घेतला. 1955 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्ब्युटामाइड अस्थिमज्जेला अपायकारक ठरलं, पण पाठोपाठ टॉलब्युटामाइड आलं. तोवर इन्सुलिनचं इंजेक्शन एवढाच उपाय माहीत असलेल्या रुग्णांना गोळी मिळाली, हे केवढं मोठं होतं ते आज सहज लक्षात येत नाही.

पहिला मोठा हादरा 1970 मध्ये बसला. अमेरिकेतल्या यूजीडीपी या अभ्यासात टॉलब्युटामाइड घेणाऱ्या 204 जणांपैकी 26 जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेले होते, तर औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्या 205 जणांपैकी 10. यावर डॉक्टरांत दोन तट पडले, प्रकरण कोर्टात गेलं. गटांची विभागणी समतोल नव्हती, सगळ्यांना सरसकट एकच डोस दिला, हे आक्षेप पोकळ नव्हते. पण मूळ शंकाही अवाजवी नव्हती, हे पुढे पेशींच्या अभ्यासातून कळलं. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर पोटॅशियमला बाहेर सोडणारी सूक्ष्म दारं असतात. गोळी ती बंद करते, मग कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. त्याच जातीची दारं हृदयाच्या स्नायूतही असतात. अमेरिकेत या गोळ्यांच्या माहितीपत्रकात हृदयविकाराचा इशारा 1984 पासून छापला जाऊ लागला.

पारडं पुन्हा दुसरीकडे झुकलं ते ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाने. 1998 च्या निष्कर्षांनुसार सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन देऊन साखर काटेकोर आटोक्यात ठेवलेल्या रुग्णांत डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी कमी झाले. हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. 2019 मध्ये कॅरोलिना चाचणीत ग्लिमेपिराइड आणि मधुमेहाचंच पण दुसऱ्या गटातलं औषध लिनाग्लिप्टिन यांची थेट तुलना झाली. हृदयाच्या बाबतीत दोन्ही सारखीच ठरली. पण साखर घसरण्याचा अनुभव ग्लिमेपिराइड घेणाऱ्या 37.7 टक्के लोकांना आला, लिनाग्लिप्टिन घेणाऱ्या 10.6 टक्क्यांना.

म्हणजे आपण फिरून माँपेलिएच्याच खोलीत येतो. रक्तात साखर किती आहे हे गोळी पाहत नाही. जेवण चुकलं, उलट्या झाल्या, तरी ती इन्सुलिन सोडवतच राहते. वजन वाढतं, तेही याच इन्सुलिनमुळे. आणि काही वर्षांनी बीटा पेशी थकत गेल्या की गोळीचा जोर ओसरतो.

एका ठिकाणी मात्र या औषधाने कमाल केली. काही बाळांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यातल्या काहींत जनुकीय दोषामुळे वर सांगितलेली दारं उघडीच राहतात, हे 2004 मध्ये उलगडलं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 49 रुग्णांना इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया देऊन पाहिलं. 44 जणांचं इन्सुलिन बंद झालं.

वयस्कर माणसांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ग्लिबेनक्लामाइडची. शरीरात त्याचं विघटन झाल्यावर उरणारे अंशही साखर उतरवतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर साचून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत म्हणूनच ग्लिक्लाझाइड आहे, आणि साठीपुढे ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही अशी टीपही आहे. साखर खाऊन माणूस सावरला तरी गोळी अंगात असतेच, काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. त्यामुळे या गोळ्यांमुळे भोवळ येऊन पडलेल्या वृद्ध रुग्णाला शुद्धीवर येताच घरी न सोडता, बहुधा दिवसभर तरी दवाखान्यात ठेवून साखर पुन्हापुन्हा तपासली जाते.