‘नोंद झाली’ म्हणजे नेमकी कुठे?

छोट्या वेब सर्व्हरवर नोंदी टेबलांत सांभाळणारा डेटाबेस बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर एक कमांड दिली की मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारखं डेटाबेसचं सॉफ्टवेअर उतरवलं जातं, त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार होतो आणि सेवा सुरूही होते. इतकं सोपं असल्यामुळेच पुढे कुणी तिकडे ढुंकून बघत नाही. संकेतस्थळ चालतंय ना, मग बघायचं तरी कशाला?

समजा, कुणीतरी फॉर्म भरून बटण दाबलं आणि ‘नोंद झाली’ असं उत्तर आलं. त्या क्षणी ती नोंद कुठे असते? टेबलाच्या फायलीत, असं आपण म्हणू. पण बहुतेक वेळा ती तिथे अजून पोहोचलेलीच नसते.

रॅममधली माहिती वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून वाचायला त्याच्या शेकडो पट वेळ जातो. म्हणून डेटाबेस टेबलाचे ठरावीक आकाराचे तुकडे, म्हणजे पेजेस, रॅममध्ये आणून ठेवतो. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांच्या इनोडीबी या माहिती साठवणाऱ्या इंजिनात एक पेज १६ केबीचं असतं, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ८ केबीचं. बदल होतो तो आधी या रॅममधल्या प्रतीत. डिस्कवरची फाईल मागाहून, सवडीने बदलली जाते. मग मधेच वीज गेली तर?

यावरचा उपाय हिशेब लिहिणाऱ्यांना नवा वाटणार नाही: व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ टाकायची, खतावणी नंतर. डेटाबेसही काय बदललं ते आधी एका लॉगमध्ये लिहितो. लॉग सलग लिहिला जातो म्हणून ते काम झटपट होतं. इकडेतिकडे विखुरलेली पेजेस लिहायला वेळ लागतो. लॉगमधली नोंद डिस्कवर उतरली की मगच ‘नोंद झाली’ असं कळवलं जातं. सर्व्हर अचानक बंद पडलाच, तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस लॉग वाचतो आणि टेबलांत करायचे राहिलेले बदल करून घेतो.

यातला ‘डिस्कवर उतरली’ हा भाग दिसतो तितका सरळ नाही. ऑपरेटिंग सिस्टीमही लिहायला आलेला मजकूर आधी स्वतःच्या रॅममध्येच धरून ठेवते. ‘आता हे डिस्कवर टाकच’ असं सांगायला एफसिंक नावाची वेगळी हाक द्यावी लागते. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकांच्या लक्षात आलं, की एफसिंक एकदा फसल्यावर लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ती चूक एकदाच कळवू शकतं. पुन्हा विचारलं तर ‘सगळं ठीक’ असं उत्तर येतं, मजकूर मात्र उतरलेला नसतो. तेव्हापासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेएसक्यूएल पुन्हा प्रयत्न करत बसत नाही. सरळ कोसळतं आणि लॉगमधून सावरतं. मला हा निर्णय फार आवडतो.

इनोडीबीत प्रत्येक व्यवहारागणिक एफसिंक करण्याऐवजी साधारण सेकंदातून एकदा करायची सोय आहे. वेग वाढवण्याच्या सल्ल्यांत ती हमखास सुचवली जाते. वेग वाढतो हे खरं, पण यंत्र बंद पडलं तर शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी जाऊ शकतात. पानं किती वेळा पाहिली गेली एवढंच मोजायचं असेल तर चालेल. पैशांचे व्यवहार असतील तर हात लावू नये.

छोट्या सर्व्हरची खरी अडचण रॅमची. एक जीबी रॅममध्ये वेब सर्व्हर, पीएचपी किंवा पायथनच्या प्रक्रिया आणि डेटाबेस अशी सगळी मंडळी दाटीवाटीने राहतात. ‘रॅमचा ७० ते ८० टक्के भाग इनोडीबीला द्या’ हा सल्ला फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मोठ्या यंत्रांचा आहे. तो इथे पाळला, तर गर्दीच्या वेळी रॅम संपते आणि लिनक्स एखादी प्रक्रिया मारून जागा मोकळी करतं. त्यासाठी निवड होते ती सहसा सर्वांत जास्त रॅम खाणाऱ्याची, आणि तो बहुधा डेटाबेसच असतो. मग सकाळी ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश झळकतो आणि डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये कारण म्हणून काहीच सापडत नाही. ते कर्नलच्या लॉगमध्ये असतं. इनोडीबीचा मूळ १२८ एमबीचा राखीव साठा छोट्या संकेतस्थळाला बऱ्याचदा पुरतो. कमी करायचीच असेल तर डेटाबेसला एकावेळी होणाऱ्या जोडण्यांची मर्यादा करावी: मायएसक्यूएलमध्ये ती मुळात १५१ असते, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १००, आणि प्रत्येक जोडणी आपली वेगळी रॅम मागते. डिस्कवर थोडी स्वॅपची, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास वापरायची, जागा ठेवली तर अचानक आलेली लाट निभावून जाते. आणि संकेतस्थळ अगदीच लहान असेल, लिहिणारा एकावेळी एकच असेल, तर वेगळा डेटाबेस सर्व्हर न बसवता सगळं एका फायलीत ठेवणारं एसक्यूलाइट वापरावं. लोक याला उगाच कमी लेखतात.

डिस्क भरणं हा दुसरा नेहमीचा घोटाळा. मायएसक्यूएल ८.० मध्ये बदलांची आणखी एक नोंदवही, बायनरी लॉग, आपोआप चालू असते आणि मूळ मांडणीत ती ३० दिवस जपली जाते. २० जीबीच्या डिस्कवर ही मुदत आखडती घेतलेली बरी.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक आडवाटेची गोष्ट. मायएसक्यूएलमधला अक्षरं साठवण्याचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देत असे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटचं, त्यामुळे मराठी मजकूर सुखरूप राहायचा. पण इमोजीला ४ बाइट लागतात. वाक्यात हसरा चेहरा आला की मजकूर तिथून पुढे कापला जायचा किंवा नोंदच नाकारली जायची. ‘यूटीएफ८एमबी४’ हा पूर्ण प्रकार २०१० मध्ये आला. जुन्या ठिकाणाहून हलवलेली टेबलं एकदा तपासून घ्यावीत.

बाहेरच्यांसाठी डेटाबेसचं दार बंदच हवं. संकेतस्थळ आणि डेटाबेस एकाच यंत्रावर असतील, तर ३३०६ (मायएसक्यूएल, मारियाडीबी) किंवा ५४३२ (पोस्टग्रेएसक्यूएल) हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचं क्रमांकाचं दार, इंटरनेटवर उघडं ठेवायचं काहीच कारण नाही. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डविना उघड्यावर राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि जागी खंडणीच्या चिठ्ठ्या सोडल्या गेल्या. त्यात कुलूप तोडण्याची वेळच आली नव्हती.

बॅकअपकडे वळलं की नोंद कुठे आहे हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली नुसत्या कॉपी केल्या, तर एक फाईल दोन वाजताची आणि दुसरी दोन वाजून तीन मिनिटांची अशी खिचडी हाती येते. शिवाय काही बदल फक्त रॅममध्येच असतात. म्हणून डंप, म्हणजे सगळ्या माहितीची वेगळ्या फायलीतली प्रत, काढणाऱ्या डेटाबेसच्याच साधनाला काम सांगावं. इनोडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल दोन्ही ओळींच्या जुन्या आवृत्त्या काही काळ सांभाळून ठेवतात. त्यामुळे लिहिणाऱ्यांना न थांबवता एकाच क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. मायएसक्यूएलच्या डंपला मात्र ‘सगळं एकाच व्यवहारात वाच’ असा पर्याय आठवणीने द्यावा लागतो.

तरीही बॅकअप आहे असं मानणं आणि तो असणं यात अंतर उरतंच. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. डंप शोधायला गेले तेव्हा कळलं, की डंप काढणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं आणि दरवेळी अपयशी ठरत होतं. अपयशाची सूचना देणारी ईमेल निघत होती, पण समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. शेवटी कामाला आली ती सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी घेतलेली एक प्रत. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून इतरांना त्यातून शिकता आलं. आपल्यापुरतं सांगायचं तर महिन्यातून एकदा डंप दुसऱ्या यंत्रावर उतरवून टेबलं उघडावीत आणि शेवटच्या नोंदीची तारीख बघावी. डंपाची फाईल शून्य बाइटची तर नाही ना, हे पाहायला तर दहा सेकंद पुरतात.

आवृत्ती बदलतानाही बॅकअप हाताशी हवाच. पोस्टग्रेएसक्यूएलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. पण नवी आवृत्ती जुन्या फायली थेट वाचू शकत नाही. डंप काढून भरावा लागतो किंवा रूपांतराचं साधन चालवावं लागतं. डेबियनवर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारीशेजारी बसते आणि नवी बहुधा ५४३३ या पोर्टवर सुरू होते. त्यामुळे सगळं बसवूनही संकेतस्थळ जुन्याच डेटाबेसशी बोलत राहिलं, असं सर्रास घडतं. रूपांतरानंतर जुना डेटा तिथेच बंद अवस्थेत पडून राहतो. तो काढायची कमांड वेगळी द्यावी लागते. डिस्कवर जागा असेल तर ती देण्याची घाई करू नये.