देशाच्या वारशाची गोधडी : ऑर्डर देण्याआधी

परदेशी निघालेल्या मुलासाठी, नातीच्या रुखवतासाठी किंवा परदेशातल्या स्नेह्यांना भेट म्हणून ‘आपला देश दिसेल अशी गोधडी शिवून द्या’ ही मागणी आमच्याकडे वरचेवर येते. सोबत चित्रंही येतात. ताजमहाल, मोर, कमळ, हत्ती, कधी कधी भारताचा नकाशा. या चित्रांवर आमचा राग नाही, पण ती कापून गोधडीवर टाचली की अंथरूण होतं, वारसा दिसत नाही. आपल्या देशाचा वारसा कापडातच विणलेला आहे आणि गोधडीच्या टाक्यातही आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकाची कौदी आणि आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ, या साऱ्यांची रीत एकच : जुन्या मऊ कापडाचे थर आणि त्यावरून फिरलेला धावदोरा. म्हणून आम्ही आधी कापड ठरवतो, नक्षी त्यातून निघते.

कापड कोणतं?

चोवीस प्रांतांचे चोवीस चौकोन मागू नका. एवढ्या गर्दीत एकही कापड नीट दिसत नाही. सहा-सात जातींची कापडं घ्यावीत आणि त्यांच्यामध्ये साध्या रंगाची खादी किंवा मांजरपाट मोकळा सोडावा. आमच्या गिऱ्हाइकांना सगळ्यात भावलेली मांडणी दिशांची आहे. गोधडीच्या डाव्या अंगाला कच्छचा अजरख (ठशांनी छापलेलं कापड), उजव्या अंगाला ओडिशाची संबलपुरी इकत (सूत आधी बांधून रंगवून मग विणलेली), खाली कर्नाटकाची इरकल साडी, वर पंजाबचा खेस (जाड सुती चादरीचं कापड) आणि मधोमध विदर्भाची करवतकाठी साडी. नकाशा न काढता देश अंथरला जातो.

यातल्या प्रत्येक कापडाचा स्वभाव वेगळा असतो. अजरखात नीळ आणि मंजिष्ठाचा लाल असे दोन मुख्य रंग, आणि दोन्ही पाण्यावर अवलंबून. २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, तेव्हा तिथले बरेच छापणारे कारागीर भुजजवळ नवं गाव वसवून राहिले, ते अजरखपूर. जे कापड पाण्याला इतकं जपतं, त्याची परीक्षाही पाण्यानेच करावी. पांढरा रुमाल ओला करून अजरखावर दाबून धरा. रुमालावर निळं उमटलं, तर ते कापड आणखी दोन-तीनदा धुतल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून बाकीची सुती कापडंही धुऊन, इस्त्री करूनच कापायला घेतो.

खेस जाड असतो. त्याचे लहान त्रिकोण करू नयेत, शिवणी गाठीसारख्या टोचतात. तो अखंड चौकोनातच शोभतो. इरकलीचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो. दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, एकमेकांत अडकवून पदर जोडलेला असतो, त्याला टोप टेनी म्हणतात. हा जोड बघण्यासारखा आहे आणि गिऱ्हाईक हमखास तो चौकोनाच्या मध्ये मागतं. पण सूत आणि रेशीम सारखं आटत नाही. त्यामुळे तो तुकडा आम्ही आधी पातळ मलमलीवर टाचून घेतो, नाहीतर पहिल्या धुण्यातच चौकोनाला पोक येतो.

जुनी पैठणी घेऊन येणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे की ती कापायला सांगू नका. तिच्या पदराची वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, ती तुकड्यात कळत नाही. पैठणी विरली असेल, तर चांगला राहिलेला पदर अखंड ठेवून भिंतीवर टांगायची लहान गोधडी करू. अंगावर घ्यायच्या गोधडीत जरीचं कापड घालू नये.

करवतीचे दात

करवतकाठीचं नाव तिच्या काठावरच्या दातेरी नक्षीवरून पडलं आहे. टसर रेशमाच्या साडीला तो काठ मागावरच विणून काढलेला असतो. आम्ही मधल्या चौकोनात असा खरा काठ वापरतो आणि त्याच दातांची मोठी आवृत्ती गोधडीच्या चारी बाजूंच्या पट्टीत त्रिकोण जोडून करतो. आतून विणलेले दात आणि बाहेरून जोडलेले दात समोरासमोर आले की मांडणीला जीव येतो.

त्रिकोण जोडणं हे या कामातलं सर्वांत कसाचं काम. चौकोन आडवा-उभा कापला तर हलत नाही, पण त्रिकोणाची एक बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, येते आणि उरेब कापड हाताच्या ओढीनेही वाढतं. म्हणून कापडाला आधी खळ देतो. मग एक गडद आणि एक फिका असे दोन चौकोन एकावर एक ठेवून कर्ण आखतो, कर्णाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शिवण घालतो आणि नंतर कर्णावर कापतो. उरेब बाजू शिवून झाल्यावरच मोकळी होते, त्यामुळे ती ताणायला वाव राहत नाही. इस्त्री वरून दाबायची, फिरवायची नाही. घरी करून बघणार असाल तर एवढं तरी जरूर पाळा.

माप

एका माणसाच्या गोधडीचं आमचं नेहमीचं माप ६० इंच बाय ८४ इंच. त्यात १२ इंची चौकोन रुंदीला ४ आणि लांबीला ६, म्हणजे एकूण २४, आणि भोवती ६ इंचांची पट्टी. चौकोन कापताना १२.५ इंचांचा कापायचा, चारी बाजूंना दोन सूत शिवणीत जातं. हे दोन सूत तंतोतंत लागतं. लांबीच्या ओळीत सहा चौकोन, म्हणजे पाच शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी एकेक सूत जास्त गेलं, तर ओळ सव्वा इंचाने आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. म्हणून आखणीचा कागद तुम्हाला आधी दाखवतो, त्यावर रंग भरून तुमचा होकार घेतो, आणि कापायला घेतल्यावर मांडणीत बदल करत नाही.

थर आणि टाका

वरचा जोडलेला थर, मध्ये जुन्या सुती साड्यांचे थर, खाली अस्तर. मधल्या थरांसाठी घरच्या साड्या दिल्यात तर उत्तमच. नऊवारी असेल तर एकीतच दोन-तीन थर निघतात. सिंथेटिक साडी आत चालत नाही, ती घसरते आणि घाम धरते. सगळे थर सतरंजीवर पसरून चारी बाजूंनी ताणून कच्चे टाके घालतो. मग कडेपासून सुरुवात करून, चौकोनामागे चौकोन फिरत मध्यापर्यंत धावदोरा. मशिनचा टाका लवकर होतो, पण थरांना तो करकचून बांधतो आणि गोधडीचा मऊपणा जातो. त्यामुळे जोडकाम मशिनवर आणि धावदोरा मात्र हाताचा, असं आमचं ठरलेलं आहे. किंमतही मुख्यतः या टाक्यांच्या दाटीवरच ठरते.

आम्ही काय करत नाही

तिरंग्याची गोधडी आम्ही शिवत नाही. राष्ट्रध्वज उशी, रुमाल अशा वस्तूंवर छापायला किंवा भरायला १९७१च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याने आणि ध्वजसंहितेने मनाई आहे, आणि अंथरुणावर तो असावा असं आम्हालाही वाटत नाही. केशरी, पांढरा, हिरवा हे रंग मांडणीत निरनिराळ्या ठिकाणी येऊ शकतात.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सिद्दी बायकांच्या गोधडीचीही नक्कल करत नाही. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज. त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची तिकोनी फुलं असतात, ती त्यांची ओळख आहे. तशी गोधडी हवी असेल तर ती त्यांच्या हातचीच घ्यावी, आणि पैसाही त्यांनाच मिळावा.

धुणं आणि ठेवणं

मधोमध टसरची करवतकाठी असेल तर गोधडी थंड पाण्यात, सौम्य साबणाने हातानेच धुवा. वॉशिंग मशिनमध्येच टाकायची असेल, तर ऑर्डर देतानाच सांगा. मध्याला सुती इकत घेऊ. पिळू नका, दोरीवर एका घडीत टांगू नका, सावलीत आडवी पसरा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा, आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि अधूनमधून घडी मोडून वेगळी घाला, म्हणजे दुमडीवर कापड विरत नाही.

ऑर्डर देताना पलंगाचं माप, गोधडी रोजच्या वापराची की भेटीची, ती कोणत्या हवेत वापरली जाणार हे सांगा, आणि घरची कापडं द्यायची असल्यास ती धुऊन सोबत आणा. कापडाची गोष्ट ठाऊक असेल, कुणाची साडी, कुठून घेतलेली, तर तीही लिहून द्या. अस्तराच्या कोपऱ्यात आम्ही ती दोऱ्याने भरून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.