रस्त्याच्या डागडुजीचा पैसा: वेठीपासून किलोमीटरच्या हिशेबापर्यंत

रस्ता बांधायला पैसा उभा राहतो, राखायला मिळत नाही, ही तक्रार किमान साडेचारशे वर्षे जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने हे काम सरळ गावांच्या गळ्यात घातले. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचे. १५६३ मध्ये चाराचे सहा दिवस झाले. परमुलखातल्या व्यापाऱ्यांच्या गाड्यांनी खड्डे पाडायचे आणि ते गावाने बुजवायचे, हा उघड अन्याय होता. फ्रान्समध्येही अशीच वेठ होती. अर्थमंत्री तुर्गो यांनी ती १७७६ मध्ये रद्द केली, पण त्याच वर्षी त्यांचे पद गेले आणि वेठ परत आली.

इंग्लंडमध्ये टोलचा पहिला कायदा १६६३ चा. पुढे एकेका रस्त्यासाठी विश्वस्त मंडळ नेमले जाऊ लागले. त्याने कर्ज काढायचे, रस्ता सुधारायचा आणि नाक्यावर वसुली करायची. या व्यवस्थेत चाकांच्या रुंदीकडेही लक्ष होते. अरुंद चाक रस्त्यात खोल चाकोरी पाडते, म्हणून १७५३ च्या कायद्याने जड मालगाड्यांना ९ इंच रुंद चाकांची सक्ती केली आणि पुढे रुंद चाकांना टोलात सवलतही मिळाली. जो रस्ता जास्त झिजवतो त्याने जास्त भरावे, हा या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत न्याय्य वाटणारा विचार. पण रेल्वेने लांबची वाहतूक पळवली, मंडळे कर्जात बुडाली आणि शेवटचे १८९५ मध्ये बंद झाले.

मोटारी आल्यावर अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे १ सेंट कर बसवला. वसुली इतकी सोपी की दहा वर्षांत सगळ्या राज्यांनी तो उचलला. ब्रिटनने वाहनकरासाठी वेगळा रस्ते निधी काढला होता. १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्यातला पैसा इतर खर्चाकडे वळवला. राखीव निधीला हा धोका कायमच असतो.

अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोल कर १९९३ पासून १८.४ सेंटवरच अडकला आहे. महागाई वाढली, गाड्या कमी इंधन पिऊ लागल्या, आणि २००८ पासून रस्ते निधीतली तूट सर्वसाधारण तिजोरीतून भरावी लागते. विजेच्या गाड्या तर हा कर भरतच नाहीत. न्यूझीलंड मात्र १९७८ पासून डिझेल गाड्यांकडून वजन आणि अंतर पाहून आकार घेते. एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींनाही किलोमीटरमागे पैसे भरावे लागतात.