थुंकीतून कोरोना शोधायची टेस्ट आली कुठून

नाकात ती लांब काडी ज्यांनी घालून घेतलीये त्यांना वेगळं सांगायला नको, डोळ्यातून घळाघळा पाणी यायचं. तेव्हा बरेच जण विचारायचे की नुसत्या थुंकीत सापडत नाही का हा व्हायरस? सापडतो, आणि हे अगदी सुरुवातीलाच कळलं होतं. फेब्रुवारी २०२० मधेच हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १२ पेशंटची लाळ तपासली तर ११ जणांच्या लाळेत तो मिळाला.

लाळेत जंतू शोधणं तसं जुनंच आहे. न्यूमोनियाचा म्हणून पुढे ओळखला गेलेला जंतू १८८१ साली पाश्चर आणि अमेरिकेतले स्टर्नबर्ग या दोघांना वेगवेगळा सापडला तो लाळेतच, स्टर्नबर्गनी तर स्वतःची लाळ सशाला टोचली होती. आणि गंमत बघा, अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीच्या संशोधक अ‍ॅन वायली कोरोनाच्या आधी लाळेतून हाच जंतू शोधण्याचं काम करायच्या.

२०२० च्या एप्रिलमधे अमेरिकेत रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लाळ टेस्टला तातडीची परवानगी मिळाली, पण खरा फरक पडला तो ऑगस्टमधल्या येलच्या सलायव्हाडायरेक्ट या लाळ टेस्टने असं मला वाटतं. स्वॅबचा म्हणजे नाकात घालायच्या त्या काडीचा तुटवडा, किटचा तुटवडा, आरएनए म्हणजे व्हायरसचा जनुकीय भाग वेगळा काढायची केमिकल्स मिळेनात, म्हणून वायलींच्या टीमने ती पायरीच काढून टाकली, लाळेत एक एन्झाइम टाकायचं, गरम करायचं आणि थेट पीसीआरला, म्हणजे व्हायरसचा आरएनए शोधणाऱ्या तपासणीला लावायचं. साध्या डबीत थुंकलं तरी चालतं, केमिकल्सचा खर्च एका टेस्टला साधारण सव्वा ते साडेचार डॉलर. पैसे काही प्रमाणात बास्केटबॉलच्या एनबीएने दिले कारण त्यांना खेळाडूंच्या वरचेवर टेस्ट करायच्या होत्या, पण पद्धत सगळ्या लॅबना खुली ठेवली हे फार मोठं काम झालं.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट नागपूरला झाली. तिथल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या डॉ. कृष्णा खैरनार यांच्या टीमने सलाइनच्या म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची टेस्ट काढली, नळीतल्या सलाइनने १५ सेकंद गुळणी करायची, खळखळून त्याच नळीत थुंकायचं, बस्स, आणि रिपोर्ट तीन तासात. नमुना आपला आपण देता येतो, ट्रेनिंग घेतलेला माणूस लागत नाही, म्हणजे खेड्यापाड्यात किती सोपं. आयसीएमआरने म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने होकार दिला तो मे २०२१ मधे, तोवर दुसऱ्या लाटेतल्या स्वॅबच्या रांगा लोकांनी उन्हात उभं राहून काढल्या होत्या.