व्होटकिन्स्कच्या कारखान्याचं फाटक

अण्वस्त्रांचा धाक एका हिशेबावर उभा आहे. पहिला घाव कोणीही घातला, तरी समोरच्याकडे उलट मारा करण्याइतकी अस्त्रं उरतात. हा हिशेब किती कच्चा आहे, ते अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात दिसलं. २७ ऑक्टोबरला अमेरिकी नौदल बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट करत होतं. आत अण्वस्त्रधारी टॉर्पेडो आहे, याची वर कोणालाच कल्पना नव्हती. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्काची हॉटलाइन आली आणि भूमिगत चाचण्या सोडून बाकी अणुचाचण्यांवर बंदीचा करार झाला.

अण्वस्त्रांना मर्यादा घालणारे या दोन देशांचे १९७२चे करार मात्र उपग्रहांच्या भरवशावर होते. उपग्रह क्षेपणास्त्रांचे तळ मोजतो, कारखान्यातून निघालेल्या बंद डब्यात काय आहे ते त्याला दिसत नाही. खरी झेप १९८७च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील करारानं घेतली, असं मला ठामपणे वाटतं. उरलजवळच्या व्होटकिन्स्कमध्ये, म्हणजे संगीतकार चायकोव्हस्कीच्या जन्मगावी, एसएस-२५ ही लांब पल्ल्याची, करारात न येणारी क्षेपणास्त्रं बनत. त्यांचा पहिला टप्पा करारानं बंदी घातलेल्या मध्यम पल्ल्याच्या एसएस-२०च्या पहिल्या टप्प्याशी इतका मिळताजुळता होता की बाहेरून फरक कळणं कठीण. म्हणून अमेरिकी निरीक्षक त्या कारखान्याच्या फाटकाशी मुक्कामालाच राहिले, बाहेर पडणारे रेल्वेचे डबे तपासत. सोव्हिएत निरीक्षक तसेच अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मॅग्ना गावी. या करारानं एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. शत्रूच्या माणसाला आपल्या दाराशी बसू देणं, हीच त्या काळाची सर्वांत मोठी कमाई.

पुढे उलटी गंगा वाहू लागली. २००२मध्ये अमेरिका क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरच्या १९७२च्या करारातून बाहेर पडली. २०१९मध्ये १९८७चा करारही संपला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या २०१०च्या ‘न्यू स्टार्ट’ करारानं दोन्ही बाजूंना प्रत्येकी १,५५० लांब पल्ल्याच्या तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घातली होती आणि वर्षाला १८ तपासण्यांची मुभा दिली होती. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३मध्ये रशियानं सहभाग स्थगित केला. कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती, ती आणखी वाढवण्याची तरतूद त्यात नव्हती. चीन तर या चौकटीत कधी आलाच नाही.

आकडे एका बैठकीत ठरू शकतात. तपासणारी माणसं, त्यांची भाषा, त्यांची सवय मात्र वर्षानुवर्षं घडवावी लागते. सहभाग स्थगित करतानाही रशियानं एक गोष्ट पाळण्याचं कबूल केलं: १९८८च्या करारानुसार क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वी द्यायची पूर्वसूचना. नव्या बोलण्यांची सुरुवात व्हायची, तर ती या धाग्यापासून होऊ शकते.