किझीच्या लाकडी चर्चचा जीर्णोद्धार

रशियातील करेलिया प्रांतात, ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर १७१४ मध्ये उभारलेले २२ घुमटांचे 'रूपांतर' चर्च ही ओंडक्यांच्या बांधकामातील जगातली एक अत्यंत उंच वास्तू आहे (सुमारे ३७ मीटर). विसाव्या आणि एकविसाव्या शतकांत तिचा दोनदा मोठा जीर्णोद्धार झाला. दोन्ही वेळी मूळ रूप जपणे हाच उद्देश होता, पण 'मूळ' कशाला म्हणायचे याची उत्तरे निराळी निघाली.

भिंती पाइनच्या आडव्या ओंडक्यांच्या. कोपऱ्यांवर ओंडके खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले आहेत. घुमटांवर अ‍ॅस्पेन लाकडाची, कुऱ्हाडीने तासलेली छोटी कौले बसवतात. ऊन-पाऊस खाऊन ती रुपेरी दिसू लागतात. संपूर्ण चर्चमध्ये एकही खिळा नाही, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. ते ओंडक्यांच्या भिंतींपुरतेच खरे मानावे. कौले खिळ्यांनीच ठोकलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात भिंतींवर फळ्यांचे आवरण चढले. पुढे घुमटांवर पत्राही आला. १९५० च्या दशकात वास्तुरचनाकार अलेक्झांडर ओपोलोव्निकोव्ह यांच्या देखरेखीखाली हे सारे उतरवून ओंडके उघडे केले गेले आणि घुमटांवर पुन्हा लाकडी कौले बसली. याच काळात, १९५१ मध्ये, ओशेव्हनेव्ह या सधन शेतकरी कुटुंबाचे १८७६ चे घर सुटे करून बेटावर आणले आणि पुन्हा जोडले. माणसांची राहण्याची जागा आणि गुराढोरांचा गोठा एकाच छपराखाली असलेले हे घर आज संग्रहालयाचा भाग आहे. चर्चच्या बाबतीत मात्र पुढे आक्षेप निघाला: फळ्या कुरूप असतील, पण त्या पावसापासून भिंतींचे रक्षण करत होत्या. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. इमारतीच्या दीर्घ आयुष्यात आलेला थर केवळ नंतरचा म्हणून खोटा ठरवणे हाही एक पक्षच झाला.

कुजलेल्या ओंडक्यांमुळे इमारत धोकादायक झाली, म्हणून १९८० मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. आतील १०२ पवित्र चित्रे हलवून पोलादी सांगाडा उभा करण्यात आला. हा तात्पुरता टेकू बरीच वर्षे तसाच राहिला. ओंडक्यांच्या भिंती हळूहळू दबत खाली बसतात, सांगाडा मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे भार असमान पडण्याची अडचण होतीच. दरम्यान १९९० मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

एकविसाव्या शतकातील जीर्णोद्धारात सर्व इमारत एकदम उतरवली नाही. ती आडव्या पट्ट्यांत विभागून वरचा भाग जॅकने उचलून तोलून धरला गेला आणि मधला पट्टा काढून बेटावरच्याच कार्यशाळेत नेला गेला. या टप्प्यात घुमट जागच्या जागी आणि त्यांच्याखाली रिकामी पोकळी, असे दृश्य दिसे. कार्यशाळेत प्रत्येक ओंडका तपासला जाई: कुजका भाग कापून तिथे सुक्या लाकडाचा जोड बसवत, अगदीच निकामी असेल तरच नवा ओंडका घेत. २०२० मध्ये काम पूर्ण झाले, तेव्हा चर्च बंद होऊन चाळीस वर्षे झाली होती.